ब्रिटनमधील दंतोपचार: सरकारी सेवा आणि खासगी दवाखाना

5 जुलै 1948 रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. त्या दिवसापासून दात तपासणे, काढणे, भरणे आणि कवळी बसवणे ही कामेही सर्वांसाठी मोफत झाली. मात्र सरकारने रुग्णालये जशी आपल्या मालकीची केली, तसे दातांच्या दवाखान्यांचे झाले नाही. दवाखान्याची जागा, खुर्ची, अवजारे आणि नोकरचाकर दंतवैद्याचेच राहिले. तो सरकारशी करार करी, केलेल्या प्रत्येक कामाचे ठरलेल्या दराने पैसे घेई आणि हवे तर त्याच खुर्चीत खासगी रुग्णही पाहू शके. ब्रिटनमधल्या प्रौढ माणसाला सरकारी आणि खासगी उपचार यांतून निवड करावी लागते, पण बहुतेक वेळा दोन्हीकडचा दंतवैद्य एकच असतो. पुढच्या पाऊणशे वर्षांत रुग्ण कोणत्या बाजूला गेला, हे त्याच्या आवडीपेक्षा दंतवैद्याला मोबदला कसा मिळतो यावर जास्त ठरले.

1948 पूर्वीची स्थिती दारुण होती. 1878 च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी सुरू केली, पण नोंदणी नसलेल्यांचा धंदा थांबवला नाही. तो 1921 च्या कायद्याने थांबवला, आणि तेव्हाही वर्षानुवर्षे हे काम करत असलेल्या अनेकांना पदवीशिवाय नोंदवून घ्यावे लागले. कामगारांपैकी काहींना विमा संस्थांकडून थोडी मदत मिळे. बाकीचे दाढ असह्य होईपर्यंत दुखणे काढत आणि मग ती उपटून घेत. किडके दात सगळ्या शरीरात विष पसरवतात, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे वैद्यकही मानत होते. त्यामुळे तोंडातले सगळे दात एकदम काढून व्हल्कनाइट रबराची कवळी बसवणे शहाणपणाचे समजले जाई. औद्योगिक शहरांतल्या काही कुटुंबांत मुलीचे दात लग्नाआधीच काढून तिला कवळी करून देत. पुढे नवऱ्याला दातांचा खर्च पडू नये, हा त्यामागचा हिशोब. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीचे बरे दातही त्या हिशोबात जात, आणि घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नसे.

हा साठलेला अनुशेष 1948 मध्ये दवाखान्यांवर एकदम कोसळला. लोकांनी कवळ्यांसाठी रांगा लावल्या, खर्चाचे अंदाज काही महिन्यांतच कोलमडले आणि सरकारने दंतवैद्यांचे दर कापले. तेवढ्याने भागले नाही. कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला होता. एप्रिल 1951 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी कवळी आणि चष्मा यांच्या किमतीचा सुमारे निम्मा भाग रुग्णाकडून घ्यायचे ठरवले. आरोग्य सेवेचे शिल्पकार अॅन्युरिन बेव्हन यांनी याच कारणावरून मंत्रिपद सोडले, आणि त्यांच्याबरोबर हॅरल्ड विल्सन यांनीही. रक्कम तशी लहान होती, पण बेव्हन यांची हरकत रास्त होती. उपचाराच्या क्षणी पैसे लागणार नाहीत हे वचन एकदा मोडले की पुढचा प्रश्न फक्त किती आकारायचे एवढाच उरतो. 1952 मध्ये इतर दंतोपचारांवरही कमाल एक पौंडाचे शुल्क आले. ते पुढे वाढतच गेले.

तरीही पुढची पस्तीस-चाळीस वर्षे बहुसंख्य प्रौढ सरकारी सेवेतच उपचार घेत राहिले. खासगी दवाखाना म्हणजे लंडनमधल्या श्रीमंतांची गोष्ट, असाच समज होता. मोठ्या कामांचे अंदाज ईस्टबोर्न इथल्या सरकारी मंडळाकडे मंजुरीसाठी जात. प्रत्येक कामाला स्वतंत्र पैसे मिळत असल्याने दंतवैद्याचा कल भराभर काम उरकण्याकडे आणि थोडी शंका आली तरी दात कोरण्याकडे झुकला. त्या पिढीच्या तोंडात पाऱ्याच्या मिश्रणाची फिलिंग दाटीवाटीने दिसतात, ती त्यामुळेच. तरी त्याच काळात दात वाचूही लागले. 1968 च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या 37 टक्के प्रौढांना एकही नैसर्गिक दात नव्हता. 2009 पर्यंत इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे प्रमाण 6 टक्क्यांवर आले. 1970 च्या दशकात फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी पोहोचली, तिचा यात मोठा वाटा आहे. पण दात टिकले म्हणजे त्यांची देखभालही जन्मभर करावी लागते. कवळीचे काम एकदाच होई, तर भरलेली दाढ दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा भरावी लागते, मग रूट कॅनाल, मग कॅप. हा वाढता खर्च सरकारने पूर्णपणे कधीच पत्करला नाही.

खरी फाटाफूट 1990 नंतर झाली. 1989 मध्ये साध्या तपासणीलाही शुल्क लागू झाले होते. 1990 च्या नव्या करारात दवाखान्याने रुग्णांची नोंदणी करायची आणि त्याबद्दल ठराविक रक्कम घ्यायची, अशी पद्धत आली. दंतवैद्यांनी अपेक्षेपेक्षा बरेच जास्त काम केले, तरतूद संपली, आणि 1992 मध्ये सरकारने त्यांचे दर 7 टक्क्यांनी कापले. ठरल्याप्रमाणे काम करूनही दंड झाला, ही भावना या व्यवसायात खोल रुजली. डेनप्लॅन ही दरमहा वर्गणीची खासगी योजना 1986 पासून होतीच, आता दवाखाने तिच्याकडे वळले. वर्षानुवर्षांच्या रुग्णांना पत्रे गेली: वर्गणी भरा, नाहीतर दुसरा दंतवैद्य शोधा. काही ठिकाणी आईवडील खासगी रुग्ण झाले तरच मुलांना सरकारी सेवेत पाहू, अशी अट होती.

1999 मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दोन वर्षांत प्रत्येकाला सरकारी दंतवैद्य मिळेल असे वचन दिले. पण 2004 मध्ये स्कारबरो गावात नवा दवाखाना उघडला, तेव्हा नाव नोंदवायला शेकडो लोक फुटपाथवर रांगेत उभे होते.

2006 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये आलेला करार आजच्या अडचणीचे मूळ आहे. नोंदणी रद्द झाली. उपचारांचे तीन गट झाले आणि इंग्लंडमध्ये रुग्णाचे शुल्क 15.50, 42.40 आणि 189 पौंड ठरले. दंतवैद्याला मात्र कामाच्या एककांनुसार पैसे मिळू लागले: तपासणीला एक, फिलिंग, दात काढणे किंवा रूट कॅनालला तीन, कॅप किंवा कवळीला बारा. एक फिलिंग करा की सहा, एकके तीनच. महिनोन्‌महिने दंतवैद्याकडे न गेलेला, तोंडभर कीड असलेला माणूस आला की दवाखान्याला तोटा होई, आणि उपचाराची सर्वांत जास्त गरज नेमकी त्यालाच असे. रूट कॅनालला दोन-तीन बैठका लागतात, दात काढायला काही मिनिटे, आणि मोबदला दोन्हीला सारखा. असा नियम करणाऱ्यांनी दवाखान्यातली दुपार कधी पाहिली नसावी. 2022 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये दुरुस्ती झाली. तीन किंवा अधिक दात भरल्यास पाच आणि दाढेच्या रूट कॅनालला सात एकके मिळू लागली, पण तोवर सोळा वर्षे गेली होती. स्कॉटलंडने कामागणिक मोबदल्याची जुनी पद्धत टिकवली.

कोविडनंतर अवस्था आणखी बिघडली. 2022 मध्ये बीबीसीने देशभरातल्या दवाखान्यांना फोन केले, तेव्हा दहापैकी नऊ दवाखाने नवे प्रौढ रुग्ण सरकारी सेवेत घेत नव्हते. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात उघडलेल्या दवाखान्यापुढे पुन्हा स्कारबरोसारखीच रांग लागली आणि ती आवरायला पोलीस आले.

अठरा वर्षांखालील मुले, गर्भवती, बाळंतपणानंतर वर्षभर माता आणि ठराविक सरकारी साहाय्य घेणारे यांना उपचार मोफत आहेत. इतर प्रौढांसाठी एप्रिल 2025 मध्ये इंग्लंडमधले तीन दर 27.40, 75.30 आणि 326.70 पौंड ठरले. खासगी दर दवाखाना स्वतः ठरवतो. वैद्यकीय गरज असेल ते सरकारी सेवेत मिळते. केवळ दिसायला बरे म्हणून मागच्या दाढेत पांढरे फिलिंग किंवा दात उजळवणे हवे असेल, तर खासगी पैसे मोजावे लागतात. एकाच उपचारमालिकेत दोन्ही घेता येतात आणि तसे केल्यास दंतवैद्याने लेखी आराखडा द्यावा लागतो. त्यात सरकारी आणि खासगी खर्च वेगवेगळे लिहिलेले असतात. सही करण्यापूर्वी कोणते काम सरकारी सेवेतही होऊ शकते, हे विचारायचा रुग्णाला हक्क आहे. मजूर पक्षाने 2024 च्या निवडणुकीत सात लाख जादा तातडीच्या भेटींचे आश्वासन दिले. त्या भेटी दुखणे असह्य झालेल्यांसाठी आहेत. नियमित तपासणीसाठी सरकारी जागा मिळाली नाही, तर प्रौढाला अजूनही खासगी दवाखाना गाठावा लागतो किंवा दात दुखेपर्यंत थांबावे लागते.