शेळ्यांच्या कळपात वाढलेलं पिल्लू

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून ८ चित्ते कुनोत आले, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. त्याच नामिबियात चित्ता वाचावा म्हणून शेतकऱ्यांना कुत्र्याची पिल्लं दिली जातात. शेळ्या राखायला! आजचा एपिसोड या पिल्लांबद्दल आहे. प्रश्न साधा आहे. पळणाऱ्या गोष्टीमागे धावणारा प्राणी शेळ्यांत सोडायचा आणि त्याने त्यांना दात लावायचा नाही, हे माणसाने जमवलं कसं?

आधी एक फरक लक्षात घ्या. शिट्टीवर मेंढ्या वळवणारा बॉर्डर कॉली वेगळा. राखणदार कुत्र्याला हुकूम देणारं शेजारी कोणी नसतं. तो दिवसभर कळपात असतो आणि परका दिसला की मध्ये उभा राहून भुंकतो.

आता जाऊ रोममध्ये. इ.स.पू. ३७ च्या सुमारास व्हॅरो नावाच्या लेखकाने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, राखणीचा कुत्रा शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून घेऊ नका. खाटकाचा कुत्रा आळशी असतो आणि शिकाऱ्याचा ससा दिसला की कळप सोडून पळतो. म्हणजे कुत्रा कुणाकडे वाढला, हे लोक दोन हजार वर्षांपूर्वीही बघत होते.

पण नेमकी पद्धत लिहून ठेवली ती चार्ल्स डार्विनने. १८३३ साली तो आजच्या उरुग्वेत फिरत होता. तिथे माणूस जवळ नसताना एकदोन कुत्री अख्खा कळप सांभाळताना त्याला दिसली. त्याने चौकशी केली. पिल्लाला अगदी लहानपणी आईपासून तोडायचं, दिवसातून तीनचार वेळा मेंढीला धरून तिचं दूध पाजायचं आणि मेंढ्यांच्या वाड्यातच लोकरीचं अंथरूण करून द्यायचं. दुसरी कुत्री नाहीत, घरातली पोरंही नाहीत. शिवाय बहुतेक वेळा खच्ची करायचं. असा कुत्रा रोज घरी मांस घ्यायला यायचा आणि चोरासारखा निघून जायचा. घरची कुत्री त्याच्यामागे लागायची. पण कळपाजवळ पोचला की हा वळून भुंकायचा आणि तीच कुत्री शेपूट घालून पळायची!

यामागचं कारण पुढे अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी उलगडलं. त्यांचं पुस्तक १९६५ चं. साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्यांच्यात राहतं, त्यांना ते आपलं मानतं. ही खिडकी बंद झाली की नंतर कितीही शिकवा, ती ओढ तशी लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डीफॉल्ट सेटिंग तेव्हाच ठरतं.

आता परत नामिबियाकडे. १९८० च्या दशकात तिथले शेतकरी जनावरं वाचवायला चित्ते पकडत आणि मारत होते. १९९० मध्ये लॉरी मार्कर यांनी चीता कन्झर्व्हेशन फंड सुरू केला आणि १९९४ पासून तुर्कस्तानातल्या ॲनाटोलियन जातीची कुत्री शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात झाली. पिल्लू दोनेक महिन्यांचं झालं की ते शेळ्यामेंढ्यांत जातं.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी परीक्षा सहा महिन्यांनंतर, कारण तेव्हा पिल्लू वयात येतं. अंगाने मोठं, डोक्याने पोर! करडांमागे धावतं, कान चावतं. त्याच्यासाठी तो खेळ असतो, पण करडू मरू शकतं. मग शेतकरी चिडतो आणि कधीकधी कुत्र्यालाच गोळी घालतो. म्हणजे करडू गेलं, कुत्रा गेला आणि उद्या चित्ताही जाणार.

यावर उपाय जुनेच आहेत. पिल्लाला मोठ्या शेळ्यांत ठेवायचं, कारण दांडगाई केली की शेळी ढुशी मारते आणि तो धडा पक्का बसतो. करडांजवळ एकटं सोडायचं नाही. धावायला लागलं की त्याच क्षणी दटावायचं, तासाभराने रागावून उपयोग नाही. तरी ऐकत नसेल तर गळ्यात लाकूड लटकवायचं, म्हणजे धावताना ते पायांवर आपटतं. आपल्याकडे ओढाळ गुराला लोढणं बांधतात ना, अगदी तसंच. आणि वर्ष-दीड वर्ष धीर धरायचा.

फक्त जात बघून चालत नाही. अमेरिकेतले नवाहो लोक साध्या मिश्र जातीच्या कुत्र्यांकडून शेळ्यामेंढ्या राखून घेतात. तीही पिल्लं कळपातच वाढतात. आपल्या धनगरांच्या वाड्यावरची कुत्री आठवा, त्यांनाही कोणी पेडिग्री विचारत नाही.

म्हणून मला वाटतं, कुनोसारख्या ठिकाणी चित्ता आणला तेव्हा कुंपण, कॉलर आणि हेलिकॉप्टरची जेवढी चर्चा झाली, तेवढीच शेजारच्या गावातल्या शेळ्यांचीही व्हायला हवी. ज्याची शेळी वाचते, तो चित्त्याला जगू देतो. तुमच्या गावात कळपासोबत कुत्री असतील तर त्यांना कसं वाढवतात ते विचारा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!