मंगळाच्या आकाशातील बहात्तर भराऱ्या

बीड, प्रतिनिधी : पिकांवर औषध फवारणारे आणि लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे ड्रोन आता बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांनाही अपरिचित राहिलेले नाहीत. मात्र जेथे हवा जवळजवळ नाहीच, रात्रीचे तापमान उणे ९० अंश सेल्सिअसपर्यंत घसरते आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीसाठी कोणी जाऊ शकत नाही, अशा मंगळ ग्रहावर अवघ्या १.८ किलो वजनाच्या एका हेलिकॉप्टरने जवळपास तीन वर्षे उड्डाणे केली. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेने पाठविलेल्या या यंत्राचे नाव 'इन्जेन्युइटी', म्हणजेच कल्पकता. पृथ्वीव्यतिरिक्त अन्य ग्रहावर इंजिनाच्या बळावर नियंत्रित उड्डाण करणारे ते पहिले यान ठरले.

हवा विरळ, पाती वेगवान

मंगळावरील वातावरणाची घनता पृथ्वीच्या पृष्ठभागावरील हवेच्या सुमारे एक टक्का आहे. एवढ्या विरळ हवेत पात्यांना आधार मिळणे ही मूळ अडचण होती. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच असल्याने थोडी मदत होते. पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी यंत्र अतिशय हलके ठेवले आणि पाती लांब व वेगवान केली. परस्परविरुद्ध दिशेने फिरणाऱ्या पात्यांच्या दोन जोड्या एकावर एक बसविण्यात आल्या. प्रत्येक जोडीची लांबी १.२ मीटर असून त्यांचा वेग मिनिटाला सुमारे २,४०० फेऱ्या किंवा त्याहून अधिक होता. पृथ्वीवरील हेलिकॉप्टरची पाती मिनिटाला साधारणतः चारशे ते पाचशे फेऱ्या घेतात, हे लक्षात घेतल्यास या वेगाची कल्पना येते. माथ्यावरील सौरपट्टीतून सहा लिथियम-आयन बॅटऱ्या भारित होत. त्यातील बरीचशी वीज उड्डाणापेक्षा रात्रीच्या थंडीत यंत्र उबदार ठेवण्यातच खर्ची पडत असे.

भारतीय हातभार

या कल्पनेचे मूळ १९९० च्या दशकात आहे. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत काम करणारे भारतीय वंशाचे अभियंता बॉब बलराम यांनी ती मांडली. पण निधीअभावी प्रस्ताव अनेक वर्षे पडून राहिला. पुढे प्रकल्पाला मान्यता मिळाल्यावर तेच त्याचे मुख्य अभियंता झाले. बलराम यांचे शिक्षण आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली शाळेत आणि मद्रासच्या आयआयटीमध्ये झाले. 'इन्जेन्युइटी' हे नावही भारतीय वंशाच्या वनीझा रूपाणी या अमेरिकेतील शाळकरी मुलीने सुचविले होते.

पहिले ३९ सेकंद

३० जुलै २०२० रोजी 'पर्सिव्हिअरन्स' या बग्गीच्या पोटाशी घडी करून बांधलेले हे हेलिकॉप्टर पृथ्वीवरून निघाले. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ते जेझेरो या सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या विवरात उतरले. एप्रिलच्या सुरुवातीला बग्गीने त्याला जमिनीवर सोडले. पहिले उड्डाण ११ एप्रिलला व्हायचे होते. परंतु दोनच दिवस आधी पात्यांची चाचणी मध्येच थांबली. संगणक प्रणालीत बदल करून ही अडचण कोट्यवधी किलोमीटरवरून दूर करावी लागली.

अखेर १९ एप्रिल २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून ४ मिनिटांनी हेलिकॉप्टर तीन मीटर वर उठले, तरंगले आणि ३९.१ सेकंदांनी सुखरूप उतरले. त्या वेळी मंगळ सुमारे २८ कोटी ७० लाख किलोमीटर दूर असल्याने संदेशाला एका बाजूचा प्रवास करण्यास १६ मिनिटे लागत. त्यामुळे पृथ्वीवरून हाती दांडी धरून ते उडविणे अशक्यच होते. आदेश आधी पाठवायचे, उड्डाण यंत्राने स्वतः करायचे आणि निकालाची वाट पाहायची, हीच पद्धत होती. महाराष्ट्र कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतील निर्बंधांत अडकलेला असताना, त्या दिवशी सायंकाळी सव्वाचारच्या सुमारास यशाची वार्ता पृथ्वीवर पोहोचली. राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानाच्या कापडाचा लहानसा तुकडा या हेलिकॉप्टरच्या सौरपट्टीखाली बसविलेला होता. उड्डाणाच्या जागेलाही त्यांचेच नाव देण्यात आले.

कसोटीचे प्रसंग

मूळ योजना तीस दिवसांत पाच उड्डाणांची होती. ती पूर्ण होताच हेलिकॉप्टरकडे बग्गीपुढील वाट पाहणाऱ्या टेहळ्याचे काम आले. मंगळावर जीपीएस नाही आणि होकायंत्रही तेथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे जमिनीकडे रोखलेला कॅमेरा सेकंदाला तीस छायाचित्रे घेई आणि त्यातील खडक व खुणा पाहून संगणक आपली गती ठरवी. २२ मे २०२१ च्या सहाव्या उड्डाणात यातील एक छायाचित्र गहाळ झाले. पुढील सर्व छायाचित्रांच्या वेळा चुकल्या आणि यंत्र हवेत हेलकावे खाऊ लागले. तरीही ते ठरलेल्या जागेपासून पाच मीटरच्या आत उतरले.

मे २०२२ मध्ये हिवाळा आणि धुळीमुळे वीज अपुरी पडून संपर्क तुटला, तो काही दिवसांत पुन्हा जुळला. २६ एप्रिल २०२३ च्या बावन्नाव्या उड्डाणानंतर मात्र मधे टेकडी आल्याने तब्बल ६३ दिवस काहीच कळले नाही. २८ जूनला बग्गी टेकडीच्या माथ्यावर आली आणि पुन्हा संदेश मिळाला.

अखेरचे उड्डाण

जेथे खुणा नाहीत तेथे ही पद्धत फसते, हे शेवटी दिसून आले. जानेवारी २०२४ मध्ये हेलिकॉप्टर वाळूच्या एकसारख्या लाटांच्या प्रदेशात पोहोचले होते. ६ जानेवारीच्या एकाहत्तराव्या उड्डाणात त्याला मध्येच उतरावे लागले. आपण नेमके कोठे आहोत हे पाहण्यासाठी १८ जानेवारीला ते सरळ १२ मीटर वर गेले; परंतु उतरताना जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असताना संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी संपर्क जुळला आणि नंतर आलेल्या छायाचित्रांतून पाती मोडल्याचे स्पष्ट झाले. २५ जानेवारीला 'नासा'ने उड्डाणे संपल्याचे जाहीर केले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तपासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सपाट वाळूत खुणा न सापडल्याने आडव्या दिशेचा वेग चुकीचा मोजला गेला आणि यंत्र वाळूच्या उतारावर जोरात आदळून कलंडले. या झटक्याचा ताण सोसण्यापलीकडचा ठरून चारही पात्यांची टोके तुटली, असे त्यात म्हटले आहे. घटनास्थळी जाऊन अवशेष हाताळणे शक्य नसलेला हा परग्रहावरील पहिलाच विमान अपघात तपास होता.

बालाघाट आणि जेझेरो

मराठवाड्याच्या वाचकाला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. बालाघाटच्या डोंगररांगा ज्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या आहेत, त्याच जातीचा खडक मंगळावर विपुल आहे. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसाल्टमध्येच उल्कापाताने झालेले असल्याने मंगळावरील विवरांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ त्याकडे वळतात. जेझेरोत कोट्यवधी वर्षांपूर्वी सरोवर होते आणि नदीच्या गाळाचा त्रिभुज प्रदेश आजही तेथे दिसतो. पाणी आटलेल्या या भूमीत जीवसृष्टीच्या खुणा शोधणे, हाच मोहिमेचा मुख्य हेतू आहे.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेल्या भारताच्या मंगळयानाने २०१४ ते २०२२ या काळात मंगळाभोवती प्रदक्षिणा घातल्या. पुढील भारतीय मोहिमेत लहान हेलिकॉप्टर पाठविण्याचा विचारही २०२४ मध्ये मांडला गेला. शनीच्या टायटन या चंद्रावर 'ड्रॅगनफ्लाय' हे उडते यान पाठविण्याची 'नासा'ची तयारी आहे. त्या सर्वांसाठी इन्जेन्युइटीचे यश जितके मोलाचे, तितकेच तिचे कोसळणेही.

हेलिकॉप्टरने एप्रिल २०२४ मध्ये चमूला अखेरचा संदेश पाठविला. त्यापूर्वी त्याला शेवटचे काम नेमून देण्यात आले होते : रोज जागे व्हायचे, एक छायाचित्र घ्यायचे, तापमान नोंदवायचे आणि ते जपून ठेवायचे. ही स्मृती सुमारे वीस वर्षे पुरेल एवढी आहे. ती उघडून पाहायला मात्र कोणाला तरी तेथवर जावे लागेल.

दृष्टिक्षेपात

एकूण उड्डाणे : ७२ (१९ एप्रिल २०२१ ते १८ जानेवारी २०२४)
हवेतील एकूण वेळ : सुमारे १२९ मिनिटे
एकूण अंतर : सुमारे १७ किलोमीटर
सर्वाधिक वेळ : १६९.५ सेकंद, बारावे उड्डाण, १६ ऑगस्ट २०२१
सर्वाधिक अंतर : ७०० मीटरहून अधिक, पंचविसावे उड्डाण, ८ एप्रिल २०२२
सर्वाधिक उंची : २४ मीटर, एकसष्टावे उड्डाण, ऑक्टोबर २०२३
सर्वाधिक वेग : ताशी ३६ किलोमीटर