आंधळ्या माशांची डोळस पिल्लं
मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी राज्यात, चुनखडीच्या डोंगरात कुएवा चिका नावाची गुहा आहे. १९३६ साली तिथल्या डोहात सापडलेले काही मासे अमेरिकेत डॅलसच्या बेसिल जॉर्डन या मत्स्यविक्रेत्याकडे पोहोचले. अंग गुलाबट, डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. हब्ज आणि इनिस या अभ्यासकांनी त्याच वर्षी त्यांचं बारसं केलं आणि त्यांना एक स्वतंत्र प्रजातीगटच बहाल केला.

पण तो गट टिकला नाही. बाहेरच्या नद्यांत फिरणाऱ्या चंदेरी, डोळस अस्टियानॅक्स माशांशी त्यांचा सहज संकर होतो, आणि होणारी पिल्लंही प्रजननक्षम असतात. दोघे एकाच प्रजातीचे!

या संकराचं मोल ओळखलं पेरिहान सादोग्लू या तुर्की संशोधिकेने. १९५७ साली त्यांनी दाखवलं, की या माशांचा रंगहीनपणा मेंडेलच्या वाटाण्यांसारखाच एका अप्रभावी जनुकाने ठरतो. डोळ्यांचं गणित मात्र इतकं सोपं नव्हतं. नातवंडांच्या पिढीत मोठे, बारीक, अर्धवट असे सगळ्या मापांचे डोळे दिसत. म्हणजे त्यामागे अनेक जनुकं होती.

गुहेतल्या प्राण्यांचे डोळे निव्वळ न वापरल्यामुळे जातात, असं डार्विनचं मत होतं. हे मासे त्याहून विलक्षण काही सांगतात. त्यांच्या भ्रूणात डोळा तयार होऊ लागतो, पण थोड्याच वेळात त्याच्या भिंगातल्या पेशी मरू लागतात. यामामोतो आणि जेफ्री या संशोधकांनी २००० साली नदीतल्या माशाचं भिंग गुहेतल्या भ्रूणाच्या एका बाजूला बसवलं. त्या बाजूला चांगला मोठा डोळा वाढला! पुढे २००४ मध्ये कळलं, की ‘हेजहॉग’ हा जनुकीय संकेत या भ्रूणांत जास्त पसरतो. त्यानेच डोळा खुंटतो. जबडा आणि चवीच्या कळ्या वाढण्यामागेही हाच संकेत असतो. अंधारात अन्न शोधणाऱ्याला त्या हव्याच.

असे मासे असलेल्या सुमारे ३० गुहा आता ठाऊक आहेत. पाचोन आणि मोलिनो या दोन गुहांतले मासे रंगहीन झाले ते ‘ओसीए२’ या एकाच जनुकामुळे. पण त्याचा तुटलेला भाग दोन्हीकडे वेगळा निघाला. हे २००६ मध्ये उघड झालं.

मग दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या रिचर्ड बोरोव्स्की या संशोधकाने वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचाच आपसांत संकर केला. काही पिल्लांना दिसू लागलं. समोर फिरणाऱ्या पट्ट्यांना ती प्रतिसाद देऊ लागली. एका गुहेत बिघडलेलं जनुक दुसऱ्या गुहेत शाबूत होतं, आणि आईबापांच्या गुहा जितक्या दूर, तितकी डोळस पिल्लं जास्त.