गाडी कोण चालवतं?

मागच्या वेळी आपण अ‍ॅरिस्टॉटलपाशी थांबलो होतो: कौशल्य करून करूनच अंगात येतं. आज ते मत जरा गाडीत बसवून पाहू.

डोंबिवलीकरांना शिळफाट्याच्या रस्त्यावरची प्रीमियर आठवत असेल. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. पद्मिनी मात्र कुर्ल्याची. पावसात पद्मिनीचा ब्रेक जोरात दाबला की चाकं जाम व्हायची. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरणार. मुरलेला ड्रायव्हर पाय क्षणभर सैल करायचा, पुन्हा दाबायचा. कसं जमतं विचारलं तर सांगता आलं नसतं त्याला. ते ज्ञान पायात होतं.

१९७८ मध्ये बॉशने हे काम मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये यंत्राकडे सोपवलं. तेच एबीएस. चाक जाम होतंय हे सेन्सर ओळखतो आणि ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त होतो. ट्रॅक्शन कंट्रोल ही त्याची दुसरी बाजू: चाक जागच्या जागी गरगरू लागलं की इंजिनाची ताकद आवरायची.

शर्यतीत हा लगेच न्यायाचा प्रश्न झाला. फॉर्म्युला वनने १९९४ पासून ही साधनं बंद केली. शर्यत माणसाची हवी ना! पण संगणकात लपवलेला प्रोग्राम पकडणं इतकं अवघड, की २००१ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलला परत मुभा द्यावी लागली. २००८ मध्ये सगळ्यांना एकच कंट्रोल युनिट दिलं, तेव्हा बंदी टिकली. म्हणजे २००५ मध्ये आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून धावला, तो मुभेच्या काळात.

हौशी लोकांच्या शर्यतीत नेमकं उलटं. २००६ मध्ये सुरू झालेल्या जीटी३ वर्गात एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चालतात. कारण उघड आहे: पाचशेच्या आसपास हॉर्सपॉवर आणि स्टिअरिंगवर आठवडाभर धंदा सांभाळून आलेला माणूस. आपल्या ठाण्याशी नातं असलेलं नाव घ्यायचं तर १९२५ च्या रेमंड गिरणीचे वारस गौतम सिंघानिया; युरोपातल्या फेरारी चॅलेंज मालिकेत ते हौशी म्हणून उतरले.

मग जिंकलं कोण, माणूस की सेन्सर? आम्हाला हा प्रश्न थोडा फसवा वाटतो. बऱ्याच जीटी३ गाड्यांत मदत किती घ्यायची याची बटणं स्टिअरिंगवरच असतात. ओल्या ट्रॅकवर ती किती ठेवायची, हे ठरवणं हेही कौशल्यच. पण एक अडचण राहते. चाक जाम होणं ज्याने कधी पायाने अनुभवलंच नाही, तो ती बटणं कशाच्या जोरावर फिरवणार? ट्रॅकवर निदान चुकायला मोकळी जागा असते, मदत कमी करून शिकता येतं. घोडबंदर रोडवर तशी जागा नाही, आणि तिथे तशी शिकवणी कुणी घेऊही नये. २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते योग्यच झालं.