अकरापैकी तीन

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी लेस्टरहून एका ताईंचा फोन आला. त्यांचे वडील डॉक्टर. १९६४ साली बोटीने या देशात आले, लँकेशायरमधल्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागले आणि निवृत्त झाल्यावर, २००१-०२ च्या सुमारास, त्यांनी आपल्या मंडळाच्या वेबसाइटवर अकरा भागांत आठवणी लिहिल्या. ताई म्हणाल्या, "बाबा गेले, त्यांचा काँप्युटर त्याआधीच भंगारात गेला. नातवंडांना वाचायला द्यायचंय. तुम्ही काँप्युटरवाले, तेवढं काढून द्याल का?" मी मोठ्या ऐटीत "हो, त्यात काय!" म्हणून बसलो. इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेल्या माणसाने असे शब्द जरा जपून वापरावेत, हे तेव्हा सुचले नाही.

जुना पत्ता उघडला तर तिथे जुगाराची जाहिरात! चौकशी करता कळले की २००९ मध्ये त्या नावाचे नूतनीकरण राहून गेले. आठवण करून देणारे पत्र ज्या सभासदाच्या ई-मेलवर जायचे, ते सिंगापूरला गेले होते. नवी कमिटी आली, नवी वेबसाइट झाली, आणि जुनी कुणी पाडली नाही तरी पडली. यात कुणाचा दोष म्हणायचा? कमिटीत काम केलेल्यांना मी काय सांगतो आहे ते समजेल.

पण ही गोष्ट फक्त आपल्यासारख्या हौशी मंडळांची आहे असे समजू नका. याच देशात तिचा एक फार मोठा अवतार होऊन गेला आहे.

विल्यम द काँकररने १०८६ साली इंग्लंडची मोजदाद करवली, ती डूम्सडे बुक म्हणून प्रसिद्ध आहे. गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या, कोण कुणाचे कूळ, सगळे मेंढीच्या कातड्यावर लॅटिनमध्ये लिहिलेले. आपल्याकडच्या पाहणीखर्ड्यांसारखेच, पण सबंध राज्याचे. ते बाड आज लंडनमध्ये क्यू येथील नॅशनल आर्काइव्हज्‌मध्ये आहे आणि लॅटिन येणाऱ्याला आजही वाचता येते. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बी.बी.सी.ने नवे डूम्सडे करायचे ठरवले. देशाचे चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचे चौकोन पाडले आणि शाळाशाळांतल्या मुलांना आपापल्या चौकोनाबद्दल लिहायला सांगितले. दहा लाखांहून अधिक लोकांनी हात लावला. आमच्या शाळेत दुपारी काय मिळते, गावात दुकाने किती, बस किती वाजता येते, असा सगळा मजकूर, नकाशे आणि हजारो फोटो ताटाएवढ्या दोन लेझर डिस्कवर भरले.

त्या डिस्का वाचायला खास फिलिप्सचा प्लेअर आणि त्याला जोडलेला एकॉर्न कंपनीचा बी.बी.सी. काँप्युटर लागे. सगळ्या सरंजामाची किंमत पाच हजार पौंडांच्या घरात. ज्या शाळांनी माहिती लिहून दिली त्यांतल्या बहुतेकांना तो घेता आलाच नाही. आणि पंधरा-सोळा वर्षांत अशी वेळ आली की डिस्क शाबूत, पण चालणारे यंत्र शोधून सापडेना. नऊशे वर्षांचे कातडे वाचता येते आणि मुलांनी काल-परवा लिहिलेले नाही, अशी वर्तमानपत्रांनी थट्टा केली. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम लिहून ती माहिती पुन्हा पडद्यावर आणली.

पुढची हकीकत मला जास्त चटका लावते. २००४ मध्ये एका प्रोग्रामरने त्यातला मुलांचा भाग वेबवर ठेवला. २००८ मध्ये तो अचानक वारला आणि त्याच्याबरोबर ती वेबसाइटही गेली. २०११ मध्ये बी.बी.सी.ने स्वतःच तो मजकूर पुन्हा वेबवर आणला, लोकांना आपल्या गावची नवी माहिती घालायला सांगितले; २०१८ मध्ये तेही बंद. आता त्याची प्रत नॅशनल आर्काइव्हज्‌च्या वेबसंग्रहात आहे, म्हणजे जिथे मूळ कातड्याचे बाड आहे त्याच संस्थेकडे! वाचवलेली वस्तू पुन्हा पुन्हा वाचवावी लागली.

छापील पुस्तकांचा प्रश्न या देशाने फार पूर्वी कायद्याने सोडवला होता. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने १६१० साली लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघाशी करार केला, की छापाल त्याची एक प्रत आमच्याकडे. त्यातूनच पुढे प्रत जमा करण्याची सक्ती आली. १८६७ च्या कायद्याने हिंदुस्थानातही छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे भाग पडले. तिथल्या याद्या पाहून लंडनकडे पुस्तके मागवली जात. म्हणून तर ब्लुमहार्ट नावाच्या गृहस्थाला १८९२ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती पुस्तकांची जाडजूड सूची छापता आली. तो संग्रह आज सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. राज्यकर्त्यांचा हेतू नजर ठेवण्याचा होता, पण पुस्तके राहिली हे खरे.

वेबसाइटींना मात्र हा कायदा ६ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. तेव्हापासून या देशातली पाने वर्षातून निदान एकदा गोळा करण्याचे काम सहा मोठी ग्रंथालये मिळून करतात. आपल्या डॉक्टरकाकांची पाने त्याआधी चार वर्षे गेलेली. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या काँप्युटरांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि तो वेबसंग्रह महिनोन्‌महिने बंद पडला.

राहता राहिले अमेरिकेतले इंटरनेट आर्काइव्ह. १९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी कायद्याची वाट न पाहता वेबवर दिसेल ते साठवायला सुरुवात केली. तिथे मी जुना पत्ता घातला आणि मंडळाचे २००२ चे पहिले पान समोर आले! अकराच्या अकरा भागांची यादी होती. उघडले मात्र तीनच. कारण अगदी क्षुल्लक. पाने गोळा करणारा प्रोग्राम साध्या लिंकवरून पुढे जातो. आमच्या कुणा हौशी सभासदाने खाली उघडणारा सुंदर मेनू करून त्यात सगळे भाग ठेवले होते, आणि त्या मेनूतून त्या प्रोग्रामला वाट सापडली नाही. पहिल्या पानावर साध्या लिंकने जोडलेले तीन भाग तेवढे तरले.

आणि ते तीन तरी वाचता यावेत? पडद्यावर रोमन अक्षरांची, कंसांची आणि टिंबांची भेळ! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या काँप्युटरवर ती रुळायला पुढे दहा-बारा वर्षे लागली. तोवर प्रत्येक फाँटचा कारखाना वेगळा. रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार बसवायचा आणि वाचणाऱ्याने तोच फाँट उतरवून घ्यायचा. फाँट गेला की मजकूर गेला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांसारखेच हे. कागद आहेत, वाचणारे थोडे. फरक इतकाच की मोडी अडीच दिवसांत मेली नाही.

तो फाँट अखेर एका स्नेह्याच्या माळ्यावरच्या सीडीत मिळाला. मग एक लहानसा प्रोग्राम लिहिला. सोपे वाटले होते, पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत आणि रफार नंतर. युनिकोडात दोन्ही उलट. पहिल्या खेपेला काकांचा 'मार्च' महिना असा काही निघाला की घरात सगळे हसले. तीन रविवार गेले. एका भागात बोटीवरचे दिवस आहेत, एकात पहिला हिवाळा आणि नाण्यांवर चालणारा गॅसचा मीटर, एकात पत्नी येण्याआधी स्वतः केलेली पहिली पोळी. ताईंनी फोनवर तो पोळीचा भाग मला वाचून दाखवायला लावला.

उरलेल्या आठ भागांची नावे यादीत आहेत; त्यांतले एक 'आईचे पत्र' असे आहे. त्या काळी काही सभासद पाने छापून भारतात पाठवत असत. कुणाच्या फाइलीत, ट्रंकेत किंवा पुण्या-साताऱ्याच्या नातेवाइकांकडे तसा कागद असला तर कृपा करून मंडळाच्या कार्यवाहांना कळवा. फाँट कोणताही चालेल.