दारावरची घंटा आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट

या वर्षीच्या मालेसाठी आम्हांस जो विषय नेमून देण्यात आला, तो ऐकून आमचे काही सहकारी हसले. कामगार संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाने घराच्या दारावर 'स्मार्ट' घंटा कोणती बसवावी आणि खोलीची उष्णता राखणारे यंत्र कोणते घ्यावे यावर बोलावे, हे त्यांना विचित्र वाटले. आम्हांला तसे वाटत नाही. या दोन्ही वस्तूंचा इतिहास आम्ही वाचनालयात बसून जसजसा चाळला, तसतसे आमच्या ध्यानात आले की हा इतिहास दिवाणखान्यापेक्षा तळघराचा आणि मालकापेक्षा नोकराचा अधिक आहे. दुकानदार तुम्हांला किंमत सांगेल आणि हप्ते बांधून देईल. ही वस्तू मुळात कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या जागी आणली, हे मात्र तो सांगणार नाही. निवड करावयाची तर ते आधी कळले पाहिजे.

प्रथम घंटेकडे पाहू. आम्ही ज्या चाळीत वाढलो तेथे दाराला घंटा नव्हती. सकाळी उघडलेले दार रात्री निजायच्या वेळीच लागे, आणि येणारा माणूस गॅलरीतूनच हाक मारीत येई. कोणी कडी वाजवली तर घरातली बाई पदर सावरून उठे, कारण कडी वाजवणारा परका असे. बहुधा वसुलीचा माणूस! घंटा ही ज्या समाजात दार बंद असते त्या समाजाची वस्तू आहे.

अठराव्या शतकातील इंग्रज धनिकांच्या वाड्यांत ती प्रथम दाराबाहेरच्या पाहुण्यासाठी नव्हे, तर घरातल्या नोकरासाठी पसरली. भिंतीतून तारा ओढून नेत, कोपऱ्याकोपऱ्यावर लहान खटके बसवीत, आणि नोकरांच्या बोळात घंटांची एक रांगच टांगून ठेवीत. प्रत्येक घंटा एकेका खोलीची. ती लवचीक पट्टीवर बसवलेली असल्यामुळे आवाज थांबल्यावरही थोडा वेळ हलत राही, म्हणजे धावत आलेल्या नोकराला कोणत्या खोलीतून बोलावणे आले ते कळे. तारेच्या घंटेपूर्वी नोकराला हाकेच्या अंतरावर उभे राहावे लागे. तार आली तसा तो दृष्टीआड गेला, खालच्या मजल्यावर गेला. मालकाला एकांत मिळाला. नोकराला काय मिळाले? दिवसभर त्या रांगेकडे कान देऊन राहण्याचे बंधन.

पुढची प्रगती थोडक्यात सांगतो. वाफेच्या एंजिनांच्या बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्यातील विल्यम मर्डॉक या कल्पक नोकराने १८१७ च्या सुमारास स्वतः बांधलेल्या घरात दाबलेल्या हवेने वाजणारी घंटा बसवली होती असे सांगतात. १८३१ मध्ये अमेरिकेत ऑल्बनी येथे जोसेफ हेन्री या शिक्षकाने मैलाहून अधिक लांबीच्या तारेतून वीज सोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. आपल्या दारावरची विजेची घंटा त्याच प्रयोगाची नात आहे.

आता थर्मोस्टॅट. उष्णतेने आपले आपणच नियमन करावे ही कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने कोंबडीची अंडी उबवण्याच्या भट्टीवर ती वापरली होती. पण 'थर्मोस्टॅट' हा शब्द आणि त्याचे १८३० चे पेटंट या दोन्हींचे श्रेय ज्याला देतात, तो ग्लासगोचा अँड्र्यू यूर हा गृहस्थ आम्हां कामगारांच्या जुन्या ओळखीचा आहे. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या तर तापल्यावर एक अधिक वाढते, दुसरी कमी, आणि जोडपट्टी वाकते. त्या वाकण्याने हवेची झडप उघडावी किंवा मिटावी, अशी त्याची युक्ती. कापडाच्या गिरण्यांना एकसारखी उष्णता हवी असे, त्या गरजेतून ही युक्ती निघाली.

याच यूरने १८३५ साली 'फिलॉसॉफी ऑफ मॅन्युफॅक्चर्स' नावाचे पुस्तक लिहिले आणि कारखानदारीची मुक्तकंठाने स्तुती केली. रिचर्ड रॉबर्ट्सचे आपोआप चालणारे सूतकताईचे यंत्र मँचेस्टरच्या मालकांनी कताईवाल्यांच्या संपांना कंटाळून करवून घेतले होते. यूरला त्याचे कोण कौतुक! विज्ञान भांडवलाच्या चाकरीत आले की हट्टी कामगार आपोआप वळणावर येईल, असा त्याचा आशय. मार्क्सने त्याला स्वयंचलित कारखान्याचा भाट ठरवले ते उगीच नव्हे. एकाच डोक्यातून थर्मोस्टॅट आणि हे तत्त्वज्ञान निघाले, ही गोष्ट आम्हांला योगायोग वाटत नाही. झडपेवरचा माणूस बोलतो, थकतो, पगार मागतो; पट्टी फक्त वाकते.

येथे एक आडवळण घेतो. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. सुताला ओलावा लागतो, नाहीतर धागा तुटतो. म्हणून त्या खात्याची हवा मुद्दाम दमट ठेवीत, आणि त्या दमट उष्म्यात माणसे आठ आठ तास उभी असत. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकरांनी या वाफेविरुद्ध झगडून १८८९ साली कायदा करवून घेतला. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील तेरावे कलम हवेशीरपणा व तापमानाचे होते आणि पंधरावे कृत्रिम दमटपणाचे. किती लोकांना ही कलमे ठाऊक असतील? तात्पर्य, 'खोलीचे तापमान किती असावे' हा प्रश्न आपल्याकडे प्रथम सुतासाठी विचारला गेला, माणसासाठी मागाहून.

अमेरिकेत हाच प्रश्न शाळेत उभा राहिला. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. तेथला हिवाळा कडक. शाळेचा शिपाई वरचेवर वर्गात येई, भिंतीवरचा तापमापक पाही, आणि पुन्हा तळघरात उतरून भट्टीच्या झडपा कमीजास्त करी. त्याच्या येण्याजाण्याने शिकवण्यात खंड पडे. जॉन्सनने विजेची एक योजना केली: वर्गातली हवा ठराविक मर्यादेबाहेर गेली की तळघरात घंटा वाजावी, आणि शिपायाने तेथल्या तेथे झडप फिरवावी. १८८३ मध्ये त्याला पेटंट मिळाले, १८८५ मध्ये मिलवॉकीला कंपनी निघाली, आणि १८९५ च्या पेटंटाने दाबलेल्या हवेच्या जोरावर खोलीखोलीची उष्णता शिपायावाचून राखण्याची सोय झाली. हा क्रम पाहण्यासारखा आहे. शिपायाची पायपीट प्रथम वाचली. मग त्याला घंटेला जुंपले. बारा वर्षांत त्या कामाला त्याची गरजच उरली नाही. थर्मोस्टॅट आणि घंटा यांचे नाते आजचे नव्हे. ती दोन्ही त्या तळघरात एकाच तारेवर होती.

त्याच सुमारास मिनियापोलिस येथे स्वित्झर्लंडहून आलेल्या आल्बर्ट बट्झने घरगुती भट्टीसाठी अशीच योजना केली. खोली थंडावली की एक छोटे चाक अर्धा फेरा घेई, साखळी ओढली जाई आणि भट्टीची झडप उघडे. पुढे याच व्यवसायातून हनीवेल कंपनी उभी राहिली आणि १९५३ मध्ये तिने हेन्री ड्रेफस यांनी आखलेला वाटोळा थर्मोस्टॅट बाजारात आणला. तो हाताने फिरवावा, बस. आम्हांला हा वाटोळा थर्मोस्टॅट सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याला तुमच्याविषयी काही कळत नाही. नंतर वेळापत्रक लावण्याचे थर्मोस्टॅट आले. पण लोक वेळापत्रक लावीतच ना, आणि अपेक्षित बचत दिसेना म्हणून अमेरिकन सरकारच्या एनर्जी स्टार योजनेने २००९ च्या अखेरीस त्या प्रकारावरचे आपले शिफारसचिन्ह काढून घेतले.

आता दाराकडे पुन्हा येऊ, कारण येथे इतिहासाने एक सुंदर वळण घेतले आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही कृष्णवर्णीय परिचारिका राहत असे. कामाच्या वेळा अनियमित, वस्ती धोक्याची, आणि पोलीस बोलावले तर लवकर येत नसत. तिने आणि तिचा पती आल्बर्ट याने १९६६ मध्ये पेटंटासाठी अर्ज केला: दाराला निरनिराळ्या उंचीवर चार भोके, त्यांमागे सरकणारा कॅमेरा, आत चित्र दाखवणारा पडदा, बोलण्याची सोय, दार दुरून उघडण्याची कळ आणि संकटसूचनेची कळ. २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले. एका पाळीवर राबणाऱ्या बाईने स्वतःच्या जिवासाठी केलेली ही गोष्ट आहे. आणि त्यातले चित्र तिच्याच घरातील पडद्यावर दिसे.

आजच्या घंटेत नेमका हाच फरक पडला. जेमी सिमिनॉफ यांच्या घंटेपासून वाढलेली 'रिंग' कंपनी २०१८ मध्ये ॲमेझॉनने घेतली. चित्र आता दूरच्या संगणकात साठते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर आरोप ठेवला की कर्मचाऱ्यांना व कंत्राटदारांना ग्राहकांची खाजगी चित्रे पाहता येत होती. एका कर्मचाऱ्याने तर २०१७ मध्ये स्त्री ग्राहकांची हजारो चित्रे पाहिली होती. कंपनीने ५८ लक्ष डॉलर देऊन प्रकरण मिटवले. ब्राउनबाईंच्या दाराला हा रोग होणे शक्य नव्हते.

थर्मोस्टॅटचीही तीच तऱ्हा. 'नेस्ट' कंपनीचा तुमच्या सवयी शिकणारा थर्मोस्टॅट २०११ मध्ये आला आणि २०१४ मध्ये गुगलने ती कंपनी ३२० कोटी डॉलरला घेतली. २०१६ च्या जानेवारीत आज्ञावलीतील दोषामुळे कित्येक थर्मोस्टॅटांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत घरे गारठली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या दोन पिढ्यांच्या यंत्रांचा दूरसंपर्क कंपनीने बंद केला; भिंतीवर ती हाताने फिरतात, एवढेच. म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न हा विचारावा: कंपनीने उद्या हात काढला तर ही वस्तू काय काय करील?

बाकीचे व्यावहारिक आहे, ते भराभर सांगून टाकतो. आपल्याकडच्या साध्या घंटा बहुधा थेट २३० व्होल्टवर चालतात. अमेरिकेत कमी दाबाच्या. तेव्हा परदेशातून आप्ताने आणलेली घंटा जुन्या तारांना परस्पर जोडू नका, जाणता वायरमन बोलवा. तेथले भिंतीवरचे थर्मोस्टॅट मध्यवर्ती भट्टीसाठी असतात. आपल्या वातानुकूल यंत्राचा थर्मोस्टॅट त्याच्या पोटातच असतो, त्याला वेगळा विकत घेण्याचे कारण सहसा नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून खोलीची वातानुकूल यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली येतात. तो आकडा आहे तेथे राहू द्यावा. आणि यंत्र दिवाणखान्यात लागलेले असताना ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या बाईंच्या अंगावर पंख्याची तरी झुळूक येते की नाही, ते एकदा स्वतः तेथे उभे राहून पाहावे.

घंटेची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तुमचे दार हे दुसऱ्या कोणाचे तरी कामाचे ठिकाण असते. आमच्या संघटनेत एक घरकामगार बाई आहेत. त्यांच्या मालकिणीने दारावरच्या कॅमेऱ्याच्या नोंदी पाहून 'उशिरा आलात' म्हणून महिनाभराची मिनिटे मोजली आणि पगार कापला. आम्ही जाऊन नम्रपणे विनंती केली की जाण्याच्या वेळाही मोजाव्यात. मोजल्या, तेव्हा नऊ दिवस बाई ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबल्या होत्या. यंत्राने दोन्ही टिपले होते; मोजताना एकच मोजले गेले. पैसे परत मिळाले. पण नोंदी तीस दिवसांनी पुसल्या जात होत्या. महिनाभर उशिरा गेलो असतो, तर आमच्या हाती काही लागले नसते.

कायदा येथे फार मदत करत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, ही मोठी गोष्ट झाली. पण वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये जो कायदा केला, त्यातून व्यक्तीने खाजगी वा घरगुती हेतूने केलेला वापर वगळलेला आहे. म्हणजे कंपनीला जाब विचारता येईल, मालकिणीला त्या कायद्याने विचारता येणार नाही. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या न्यायालयाने २०२१ मध्ये एका शेजाऱ्याच्या कॅमेरा व घंटेच्या प्रकरणी निकाल दिला, त्यात न्यायाधीशांनी चित्रापेक्षाही आवाज टिपण्यावर अधिक कडक आक्षेप घेतला, कारण लांबवरचे बोलणेही त्यात पकडले जात होते. आपल्याकडे जिन्यात दोन बायका भाजी निवडता निवडता बोलतात, तेही अशा घंटेत जाते.

म्हणून आमचे सांगणे असे. एकट्या वृद्धांना, रात्रपाळीच्या बायकांना अशी घंटा खुशाल घ्यावी. ब्राउनबाईंची गरज खरी होती, त्यांचीही खरी आहे. चित्र घरातल्या घरात साठवणारी घ्यावी, दरमहा वर्गणी मागणारी टाळावी. डोळा आपल्या उंबरठ्यावर वळवावा, समोरच्या दारावर नव्हे. आवाज टिपण्याची कळ बंद ठेवावी. घंटा आली म्हणून जिन्यावरचा रखवालदार कमी करण्याचा ठराव सोसायटीत येईल, तेव्हा १९८१ चा महाराष्ट्राचा सुरक्षा रक्षकांचा कायदा एकदा वाचून मग हात वर करावा. आणि दूधवाला, पेपरवाला, सामान पोचवणारा मुलगा, कामाच्या बाई, या सर्वांना येथे कॅमेरा आहे हे तोंडी सांगावे, तसेच दारावर मराठीत आणि हिंदीत लिहून लावावे. आमच्या वस्तीत दोन बिऱ्हाडांनी असा कागद लावला आहे. त्यांपैकी एकाने खाली नोंदी किती दिवस राहतात तेही लिहिले आहे, आणि मागितल्यास दाखवू असेही.