यादीत नसलेला माणूस

स्पायडरमॅनच्या एका जुन्या चित्रकथेत खलनायक त्याच्या मनगटात ठावठिकाणा सांगणारं यंत्र अडकवतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशांना त्यावरून कल्पना सुचली आणि १९८३ साली त्यांनी खऱ्या माणसाच्या घोट्याला तसलं यंत्र बांधायला लावलं. हसू येतं, पण खरं आहे. पुढे उपग्रहाची सोय झाली आणि २००६ च्या 'अ‍ॅडम वॉल्श' कायद्यात लैंगिक गुन्हेगारांवर अशी नजर ठेवण्यासाठी वर्षाला ५० लाख डॉलरच्या अनुदानाची तरतूद आली.

आपल्याकडे काहीही भयंकर घडलं की 'या लोकांच्या पायात कडं घाला' असं कुणीतरी म्हणतंच. तसं बघितलं तर नजर ठेवणं मुंबईला नवीन नाही. गिरगाव-लालबागमध्ये वाढलेल्याला 'तडीपार' शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात ५६ वं कलम त्यासाठीच आहे. इलेक्ट्रॉनिक कडं मात्र इथे अजून विरळाच. २०२३ मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी दहशतवादाच्या खटल्यात जामीन मिळालेल्या आरोपीला ते घातलं. लैंगिक गुन्ह्यांसाठी आपण निवडली ती यादी. २० सप्टेंबर २०१८ ला राष्ट्रीय यादी सुरू झाली तेव्हाच तिच्यात चार लाखांहून जास्त नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते. महाराष्ट्राच्या 'शक्ती' विधेयकातही अशी नोंदवही होती. डिसेंबर २०२१ मध्ये ते विधिमंडळात मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि कायदा काही झाला नाही.

कडं असो की यादी, त्याआधी एक गोष्ट व्हावी लागते. त्या माणसाने काय केलं हे कागदावर नीट यावं लागतं. परळचा इतिहास बघितला की नेमकी इथेच ठेच लागते.

२७ नोव्हेंबर १९७३. केईएममधली परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेली. तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि पुढची एक्केचाळीस-बेचाळीस वर्षं ती त्याच हॉस्पिटलमध्ये पडून होती. १८ मे २०१५ ला ती गेली. तिथल्या नर्सेसनी पिढ्यान् पिढ्या तिचं जे केलं, त्यावर वेगळं लिहायला हवं.

आणि तो? त्याच्यावर खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरीचा. लैंगिक अत्याचाराचा आरोपच लागला नाही. मुलीचं लग्न ठरलेलं, बदनामी नको, असं त्याचं कारण सांगितलं जातं. सात वर्षांची शिक्षा भोगून तो १९८० मध्ये सुटला आणि गर्दीत मिसळून गेला. अरुणा गेल्यानंतर, २०१५ मध्ये, पत्रकारांनी त्याला उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात शोधून काढलं.

आता समजा, आजची यादी तेव्हा असती. त्याचं नाव तिच्यात आलं असतं? नसतं आलं. कारण कोर्टाच्या लेखी तो लैंगिक गुन्हेगार नव्हताच. अब्रू तिची जपायची होती, सोय मात्र त्याची झाली.

परळहून महालक्ष्मी जवळच. २२ ऑगस्ट २०१३ ला शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. त्याची बातमी आल्यावर एक टेलिफोन ऑपरेटर मुलगी पुढे आली. ३१ जुलैला, त्याच जागी, तिच्यावरही तेच झालं होतं. आरोपींपैकी काही जण दोन्ही गुन्ह्यांत तेच. मधल्या तीन आठवड्यांत ते कुठल्याच यादीत नव्हते. तिने तक्रार का केली नाही, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. तक्रार करणं इतकं अवघड का वाटतं, हे आपण स्वतःला विचारावं.

मग पैसा कुठे जातो? २०१३ च्या केंद्रीय बजेटमध्ये १००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. 'सेफ सिटी' योजनेत मुंबईच्या वाट्याला २५२ कोटी मंजूर झाले. २०२२ मध्ये याच निधीतून मुंबई पोलिसांनी घेतलेल्या काही गाड्या आमदार-खासदारांच्या बंदोबस्तात फिरत असल्याच्या बातम्या आल्या. यंत्र विकत घेता येतं, फीत कापता येते, फोटो येतो. पोलीस ठाण्यात नीट ऐकून घेणारी बाई, वेळेवर येणारा प्रयोगशाळेचा अहवाल, यांचा फोटो येत नाही.

यादी नको असं माझं म्हणणं नाही. एकदा शिक्षा झालेला माणूस कुठे आहे हे पोलिसांना ठाऊक असलेलं बरंच. पण ती साखळीतली शेवटची कडी आहे, आणि आपण सुरुवात तिथूनच करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात सेमिनार रूममध्ये विश्रांती घेणाऱ्या डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा सुप्रीम कोर्टाला पुन्हा अरुणाची आठवण काढावी लागली. पन्नास वर्षांनंतर डॉक्टर-नर्सेसची मागणी काय, तर आतून कडी लावता येईल अशी एक खोली. तिला उपग्रह लागत नाही, आणि पैसेही फार लागत नाहीत.